डोंगरउतारावरचीं लहान यंत्रें

शेतीच्या यंत्रांचा विषय निघाला म्हणजे आपणां शहरवासीयांच्या डोळ्यांपुढें ट्रॅक्टर उभा राहतो. परंतु ज्या देशाचा जवळजवळ तीनचतुर्थांश भाग डोंगरांनीं व्यापलेला आहे, आणि जेथें सामान्य शेतकऱ्याची जमीन अडीच एकरांच्या आसपास असे, त्या जपानांत ट्रॅक्टर जावा तरी कोठून? उतारावर पायऱ्यांसारखीं खाचरें, मधून हातभर रुंदीची वाट. जें उचलून नेतां येईल तेंच अवजार तेथें उपयोगाचें. अशा अवजारांची हकीकत आज सांगावयाची आहे.

पूर्वीं तेथें भाताच्या लोंब्या बांबूच्या दोन काड्यांमध्यें धरून ओढीत. काम फार सावकाश चाले. सुगीच्या दिवसांत तें गांवांतील विधवांकडे येई व त्यावर त्यांची गुजराण होई. सतराव्या शतकाच्या अखेरीस, गेन्रोकु नांवाच्या काळांत (१६८८ ते १७०४), ओसाकाच्या बाजूस एक नवी फणी निघाली. लाकडी घोडीवर ओळीनें दांत बसविलेले, पेंढीचा शेंडा त्यांत अडकवून ओढला कीं दाणे खालीं गळत. दांत थोडेच, पण नांव ‘सेम्बाकोकी’, म्हणजे हजार दांतांची! लोकांनीं तिला आणखी एक नांव दिलें: ‘गोके-दाओशी’, विधवांना आडवें पाडणारी. हें नांव गमतीचें म्हणून सांगण्याची रीत आहे. मला त्यांत गंमत दिसत नाहीं. ज्यांनीं तें ठेवलें त्यांनीं कोणाची मजुरी बुडाली हें नीट पाहिलें होतें.

पुढें तोत्तोरी प्रांतांतील कुरायोशी हें गांव लोखंडी दांतांच्या फण्यांसाठीं प्रसिद्ध झालें. तेथील विक्रेते मुलूखभर हिंडून नव्या फण्या विकीत आणि जुन्यांची दुरुस्ती करून देत. आडरानांतल्या गांवीं ही फणी टिकली ती ह्या दुरुस्तीमुळेंच, असें मला वाटतें.

१९१० च्या सुमारास पायानें चालविण्याचें मळणीयंत्र आलें. शिवणयंत्रासारखी पायाखालची फळी दाबावी, म्हणजे तारेचे आंकडे बसविलेलें पिंप फिरूं लागतें. त्यावर पेंढी धरली कीं दाणे सुटतात. १९५३ सालीं भारतांत जपानी भातशेतीचा प्रचार सुरू झाला, आणि पुढें अशीं यंत्रें आपल्याकडेही दिसूं लागलीं. मी कोंकणांत मास्तर असतांना एका खळ्यावर तें पाहिलें. एरवीं तेथें पेंढ्या फळीवर झोडीत, आणि झोडणाऱ्या बायकांना मजुरी भातांतच मिळे. यंत्र फिरूं लागलें तशी एक म्हातारी उठून कडेला जाऊन बसली. तिला कोणी जा म्हटलें नव्हतें.

महायुद्धानंतर, १९४६ च्या जमीनसुधारणेनें, जपानांतील बहुतेक कुळें मालक झालीं. मग दोन चाकांचें, मागून चालत हांकावयाचें नांगरयंत्र पसरूं लागलें. होंडा कंपनीनें आपलें यंत्र १९५९ त काढलें. १९६० सालीं देशांत अशीं सुमारें ५ लाख यंत्रें होतीं. जनावराचा दाणावैरण सुटला, नांगरणीचे दिवस कमी झाले, आणि मोकळा झालेला घरधनी कारखान्यांत नोकरीला गेला. मागें शेत कोणी पाहावें? त्या शेतीला लोक ‘सान्-चान्’ म्हणूं लागले, म्हणजे तीन ‘चान्’ची शेती: जी-चान् आजोबा, बा-चान् आजी आणि का-चान् आई. एके काळीं फणीनें बायकांच्या हातचें काम काढून घेतलें होतें. आतां यंत्राचा दांडाच त्यांच्या हातीं आला.

आमच्या रत्नागिरीकडे क्रम उलटा होता. चाकरमानी मुंबईच्या गिरण्यांत गेला तेव्हां मागें खाचरांत कसलेंही यंत्र नव्हतें. नांगराला शेजारचा गडी मागावा लागे. बाकी सारें, लावणीपासून झोडणीपर्यंत, घरच्या बाईच्या अंगावर पडे.