अंधारातली कुरबुर

इंग्रजीत ‘बिकर’ म्हणजे कुरबुर करणं, क्षुल्लक कारणावरून एकमेकांना टोचत राहणं. फिलिप रॅप या लेखकाने त्या क्रियापदाचंच आडनाव केलं आणि जॉन व ब्लांच बिकरसन हे जोडपं जन्माला आलं. आपल्याकडे कुणाचं आडनाव ‘कुरबुरे’ ठेवावं, तसं.

सप्टेंबर १९४६मध्ये अमेरिकेत एनबीसी रेडिओवर ‘ड्रीन टाइम’ हा करमणुकीचा कार्यक्रम सुरू झाला. खर्च ‘ड्रीन’ शाम्पूवाल्यांचा. त्यातलं एक छोटं प्रहसन म्हणजे बिकरसन. जॉन झाला डॉन अमीची, म्हणजे १९३९ साली पडद्यावर ग्रॅहम बेल साकारणारा देखणा नट. ब्लांच झाली फ्रान्सिस लँगफर्ड. ही मूळची गायिका, युद्धकाळात बॉब होपबरोबर सैनिकांसमोर गात हिंडलेली. तो मधाळ गळा ब्लांचसाठी तिने किरकिरा करून टाकला.

रॅपचा हात आधीच तयार होता. फॅनी ब्राइस या विनोदी नटीच्या ‘बेबी स्नूक्स’ या रेडिओ प्रहसनासाठी तो लिहीत असे. त्यात एक द्वाड पोरगी प्रश्नांमागून प्रश्न विचारून बापाला जेरीला आणते. माझ्या मते बिकरसनांचं कूळ याच घरातलं. एकाने विचारत सुटायचं, दुसऱ्याने सुटकेची वाट शोधायची. पोरीच्या जागी बायको आली, एवढंच.

पण रॅपची खरी करामत म्हणजे घोरणं. रात्र झालेली, दिवे मालवलेले, जॉन घोरतोय. साधं घोरणंही नाही: गुरगुर, मग शीळ, मध्येच कण्हणं, मध्येच खिदळणं. ब्लांचच्या डोळ्याला डोळा नाही. ती त्याला हलवून उठवते आणि विचारते, तुमचं माझ्यावर प्रेम आहे का? आधी व्हॅक्यूम क्लीनर आणि पुढे बोलिंगचे चेंडू विकणारा हा थकलेला विक्रेता झोपेतच उत्तर देतो, ते चुकतं, आणि भांडण पेटतं. रेडिओला दृश्य नाही, ही उणीव इथे उरतच नाही. अंधाऱ्या खोलीत त्या दोघांनाही एकमेकांचा आवाजच तेवढा असतो, आणि ऐकणाऱ्यालाही तेवढाच. रेडिओसाठी याहून नेमकी जागा मला सुचत नाही. त्या काळी रेडिओवरचे संसार बहुतेक गोडगोड असत. हा कडू होता, म्हणून खरा वाटला.

१९४७मध्ये मंडळी एनबीसी सोडून सीबीएस रेडिओवर गेली. स्वतःचा अर्ध्या तासाचा कार्यक्रम मिळाला तो थेट १९५१च्या उन्हाळ्यात, आणि तेव्हा जॉन होता ल्यू पार्कर. त्याच वर्षी विनोदी नट जॅकी ग्लीसनने टीव्हीवर ‘हनीमूनर्स’चं पहिलं प्रहसन केलं. त्या भांडखोर नवरा-बायकोमागे बिकरसनांचीही प्रेरणा होती, असं म्हणतात. पुढे अमीची आणि लँगफर्ड यांनी बिकरसनांचे संवाद कोलंबिया कंपनीच्या तबकड्यांसाठी पुन्हा रंगवले.

जुनी ध्वनिमुद्रणं आजही ऐकायला मिळतात. ऐकायचीच असतील तर रात्री ऐका, दिवा मालवून.