‘अभिनंदन’ आणि रोष : ‘इव्हांगेलियन’च्या शेवटाचे ग्रहण

‘टीव्ही टोकियो’ या जपानी वाहिनीवर ४ ऑक्टोबर १९९५ पासून दर बुधवारी संध्याकाळी दाखविल्या जाणाऱ्या ‘निऑन जेनेसिस इव्हांगेलियन’ या सव्वीस भागांच्या चित्रमालिकेचा शेवट २७ मार्च १९९६ रोजी झाला. प्रचंड यंत्रदेहांत बसून ‘देवदूत’ नावाच्या अनाकलनीय आक्रमकांशी लढणाऱ्या चौदा वर्षांच्या मुलांची ही कथा. क्रूस, कबालातील जीवनवृक्ष, मृत समुद्राकाठच्या गुंडाळ्या अशा ज्यू-ख्रिस्ती गूढचिन्हांची तीत रेलचेल होती. सर्व माणसांची जाणीव एकाच जाणिवेत विलीन करण्याची एक गुप्त योजना कथेच्या मुळाशी होती. सहा महिने कोडी साठवीत आलेल्या प्रेक्षकाला आता उकल हवी होती.

ती मिळाली नाही. शेवटच्या दोन भागांत युद्ध नाहीच. नायक शिंजी प्रकाशझोतात एका खुर्चीवर बसला आहे. तू यंत्रात का बसतोस, तुला कशाची भीती वाटते, असे प्रश्न त्याला विचारले जातात. पडद्यावर शब्द येतात, स्थिर चित्रे येतात, चित्रांच्या जागी कच्ची रेखाटने आणि संहितेचे पानही येते. अखेरीस आपण येथे असू शकतो, असे त्याला उमगते. सारी पात्रे त्याच्याभोवती टाळ्या वाजवून त्याचे अभिनंदन करतात. बाहेरच्या जगाचे काय झाले, हे प्रेक्षकाला कळत नाही.

प्रतिक्रिया तीव्र होत्या. फसवणूक झाल्याची भावना व्यापक होती. निर्मितीच्या अखेरीस वेळ अपुरा पडला होता, हे खरेच. परंतु त्या कारणाचा आधार घेऊन अनेकांनी अर्थाचा प्रश्नच निकालात काढला. उलट, हाच आपल्या एकाकीपणाचा उच्चार आहे असे मानणारेही होते. समीक्षक एइजी ओत्सुका यांना मात्र या शेवटात आत्मोन्नती शिबिरांची रीत दिसली. ‘ओम् शिनरिक्यो’ या पंथाने टोकियोच्या भुयारी रेल्वेत विषारी वायू सोडला तो २० मार्च १९९५ रोजी. मालिकेचा पंचविसावा भाग प्रक्षेपित झाला तो बरोबर एक वर्षाने, २० मार्च १९९६ रोजी. तारखांचा हा योगायोगच. तरीही गूढानुभवाच्या भाषेकडे तो समाज त्या काळी निरागसपणे पाहू शकत नव्हता, हे विसरून या रोषाचा विचार करता येणार नाही.

याउस यांच्या ‘अपेक्षाक्षितिजा’ची संकल्पना येथे सहज लागू पडते, किंबहुना जरा जास्तच सहज. ज्या क्षितिजाचा भंग झाला ते मालिकेनेच, चिन्हे पेरून, घडविले होते. सहदिग्दर्शक काझुया त्सुरुमाकी यांनी पुढे सांगितले की, ख्रिस्ती चिन्हे निवडली ती जपानी प्रेक्षकाला गूढ वाटतात म्हणून. त्यांमागे धर्मविचार नव्हता. म्हणजे चिन्हांच्या तळाशी सिद्धान्त शोधणारा प्रेक्षक रिकाम्या विहिरीत पोहरा सोडीत होता. अभिनवगुप्तांनी सांगितलेल्या रसविघ्नांत स्वतःच्या सुखदुःखात गुंतून पडणे हे एक विघ्न आहे. या शेवटाला तर प्रेक्षकाचे स्वगत दुःखच आवाहित करावयाचे होते. दिग्दर्शक हिदेआकी आन्नो यांनी आपण चार वर्षे काही करू न शकलेले, मोडलेले गृहस्थ होतो असे मालिकेपूर्वीच लिहिले होते. ज्यांना विघ्नच आस्वाद म्हणून देऊ केले गेले, त्यांतील काहींनी ते स्वीकारले आणि इतरांनी पत्रे लिहिली.

ही पत्रे वाया गेली नाहीत. १९ जुलै १९९७ रोजी प्रदर्शित झालेल्या ‘द एंड ऑफ इव्हांगेलियन’ या चित्रपटात बाहेरचे जग दाखविले गेले; तेही सर्वनाशाच्या रूपात. मध्येच चित्रांकन थांबते आणि प्रत्यक्ष चित्रित केलेल्या दृश्यांत चित्रपटगृहातील प्रेक्षक दिसतात. निर्मात्यांकडे आलेले संदेश झरझर सरकतात, त्यांत धमकीचा मजकूरही आहे. प्रतिक्रिया येथे संहितेचा भाग झाली. ग्रहणाच्या इतिहासात असा पुरावा क्वचितच सापडतो. मात्र तो निर्मात्याने निवडलेला पुरावा आहे, एवढे भान ठेवावयास हवे.

हिरोकी आझुमा यांनी २००१ मध्ये मांडले की, या मालिकेचे चाहते कथेपेक्षा पात्रे आणि त्यांचे सुटे घटक यांचाच उपभोग घेतात. शेवटच्या भागातील खेळकर शालेय जग चाहत्यांच्या अनुकृतींसारखेच आहे, हे त्यांचे निरीक्षण मार्मिक आहे. पण निव्वळ घटकांचा उपभोग घेणारा माणूस शेवट चुकला म्हणून इतका संतापेल काय? हा संताप कथेवर विसंबलेल्या माणसाचा आहे.

जून २०१९ मध्ये ‘नेटफ्लिक्स’वर मालिका आणि तो चित्रपट एकाच वेळी उपलब्ध झाले. १९९६ च्या प्रेक्षकाने ‘अभिनंदन’ आणि सर्वनाश यांच्यामध्ये जवळजवळ सोळा महिने काढले होते. नव्या प्रेक्षकाला ते काढावे लागत नाहीत.