सोलापूर ईशान्य : एका लुप्त मतदारसंघाची घडण

मुंबई इलाख्यातील प्रातिनिधिक संस्थांचा इतिहास सांगताना पक्ष, पुढारी व मंत्रिमंडळे यांचाच विचार बहुधा केला जातो. मतदारसंघ ही नकाशावरील एक रेषा आहे असे गृहीत धरून अभ्यासक पुढे जातो. वस्तुतः मत देण्याचा अधिकार कोणास आणि कोणत्या नात्याने पोहोचला, याची सर्वांत बोलकी साक्ष मतदारसंघाच्या रचनेतच मिळते. १९३७ च्या प्रांतिक निवडणुकीतील ‘सोलापूर नॉर्थ ईस्ट’ हा मतदारसंघ या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. (मराठीत ‘ईशान्य’ हा जुना व नेमका शब्द असता ‘उत्तर-पूर्व’ असे का म्हणावे, हे प्रस्तुत लेखकास उमगलेले नाही.)

१९१९ च्या सुधारणांनी सोलापूर शहरास कायदे कौन्सिलात स्वतंत्र नागरी जागा दिली होती. गिरण्यांमुळे वाढलेल्या या नगराचे महत्त्व सरकारने तेव्हाच ओळखले होते. १९३५ च्या कायद्याने मात्र सगळी मांडणी पालटली. मुंबई विधानसभेच्या १७५ जागांपैकी ११४ सर्वसाधारण ठरल्या व त्यांतील १५ अस्पृश्य वर्गासाठी राखून ठेवण्यात आल्या. हा १५ चा आकडा २४ सप्टेंबर १९३२ च्या पुणे कराराचा होय. सोलापूर ईशान्य हा अशाच राखीव जागेचा मतदारसंघ होता. शेजारच्या अक्कलकोट संस्थानातील प्रजा या व्यवहारापासून अर्थातच दूर राहिली. संस्थानी मुलूख प्रांताच्या बाहेरचा. तेथील रहिवाशास सोलापूरच्या निवडणुकीत मत नव्हते.

राखीव जागा म्हणजे विभक्त मतदारसंघ नव्हे, हा भेद येथे लक्षात घेतला पाहिजे. उमेदवार चारांहून अधिक असल्यास केवळ अस्पृश्य मतदारांनी प्राथमिक निवडणुकीत चौघांची निवड करावयाची आणि अंतिम निवड सर्व सर्वसाधारण मतदारांनी मिळून करावयाची, अशी करारातील योजना होती. असे मतदारसंघ बहुसदस्य असत. मुंबई प्रांतात मते एकत्रित करण्याची मुभा होती. जितक्या जागा तितकी मते, आणि ती सर्व एकाच उमेदवाराच्या पारड्यात टाकता येत. संख्येने थोड्या पण संघटित मतदारांस या पद्धतीने जे बळ मिळाले, ते केवळ राखीव जागेने मिळाले नसते असे माझे मत आहे.

परंतु अस्पृश्य मतदार यादीत आला तरी कसा? सर्वसाधारण पात्रता शेतसारा, मालमत्ता वा शिक्षण यांवर आधारलेली होती व ती बहुतेकांच्या आवाक्याबाहेरची होती. म्हणून कायद्याच्या सहाव्या परिशिष्टात मुंबईपुरती एक निराळी वाट ठेवली होती. अस्पृश्य वर्गातील व्यक्ती साक्षर असल्यास, किंवा गावकीचे कनिष्ठ काम प्रत्यक्ष करीत असल्यास, मतदार होऊ शके. ‘कनिष्ठ ग्रामाधिकार’ या कायदेशीर शब्दामागे गावाने महाराकडून करून घेतलेली सारी राबणूक उभी आहे. सांगावा नेणे, सरकारी पाहुण्यांची सरबराई करणे, मोजणीच्या वेळी हद्दी दाखविणे ही ती कामे. ज्या वतनाच्या बेडीतून समाजास सोडविण्यासाठी डॉ. आंबेडकरांनी १९२८ मध्ये कौन्सिलात बिल आणले, त्याच वतनाच्या चाकरीने अनेकांच्या हाती मतपत्रिका दिली. इतिहासात असा पेच क्वचित आढळतो.

१५ ऑगस्ट १९३६ रोजी डॉ. आंबेडकरांनी स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन केला. त्या पक्षातर्फे जिवाप्पा सुभाना ऐदाळे हे १९३७ साली सोलापूर ईशान्यमधून निवडून आले. पक्षाने उभे केलेल्या १७ उमेदवारांपैकी बहुतेकांना यश मिळाले. त्याच वर्षी सप्टेंबरात विधानसभेत महार वतनासंबंधीचे बिल पुन्हा मांडले गेले, हा योगायोग नव्हे. वतनामुळे मतदार झालेल्यांनी निवडलेले प्रतिनिधी आता वतनाविरुद्ध बोलण्यास सभागृहात बसले होते. काँग्रेस मंत्रिमंडळाने नोव्हेंबर १९३९ मध्ये राजीनामा दिला आणि ते काम तसेच राहिले.

१९४६ च्या निवडणुकीत राखीव जागा त्याच होत्या, फळ मात्र उलटे आले. प्राथमिक फेरीत शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनला मुंबई प्रांतात काँग्रेसपेक्षा कितीतरी अधिक मते पडली, तरी अंतिम निवडणुकीत फेडरेशनच्या हाती एकही जागा लागली नाही. ‘छोडो भारत’नंतर काँग्रेसच्या बाजूने उसळलेली लोकभावना हे एक कारण खरेच. तथापि अस्पृश्यांनी ज्यास पहिला कौल दिला त्यास अंतिम कौल डावलू शकतो, हे संयुक्त मतदारसंघाचे अंग या निकालाने उघडे पडले. १९३७ च्या यशावरून पुणे कराराचे मूल्यमापन करणाऱ्यांनी १९४६ चा निकाल शेजारी ठेवून पाहावा.

प्रौढ मताधिकार आल्यावर दिशानामांचे हे प्रांतिक मतदारसंघ मावळले. १९५२ च्या पहिल्या लोकसभेत सोलापूर द्विसदस्य होते. तेथून शेतकरी कामगार पक्षाचे शंकरराव मोरे व फेडरेशनचे पां. ना. राजभोज असे दोघे निवडून आले. १९६१ च्या कायद्याने द्विसदस्य मतदारसंघ रद्द झाले. त्यापूर्वीच, १९५८ मध्ये, कनिष्ठ ग्रामवतने नष्ट करणारा कायदा मुंबई राज्यात संमत झाला होता. तोवर मतदार यादीत नाव येण्यासाठी गावकी करण्याची आवश्यकता कोणासही उरली नव्हती.