ड्राफ्ट लीगमध्ये खेळाडूंचा ट्रेड कसा करतात? फँटसी बास्केटबॉलची सोपी माहिती

फँटसी म्हटलं की आपल्याकडे आधी क्रिकेट आठवतं. मॅचच्या आधी अकरा खेळाडू निवडायचे, कॅप्टन ठरवायचा आणि रात्री पॉइंट्स बघायचे. त्यात तुम्ही घेतलेला खेळाडू आणखी लाखो लोकांच्या टीममध्येही असू शकतो. ड्राफ्ट लीगमध्ये तसं चालत नाही. इथे एक खेळाडू फक्त एकाच टीमचा असतो. तो तुम्हाला हवा असेल, तर ज्याच्याकडे आहे त्याच्याशी बोलावं लागतं आणि बदल्यात आपला खेळाडू द्यावा लागतो. यालाच ट्रेड म्हणतात.

मी गेली काही वर्षं एनबीएची अशी लीग खेळतोय. आम्ही दहा जण आहोत: चौघे मालवणात, दोघे कुडाळात आणि बाकीचे नोकरीसाठी मुंबई-पुण्याला. ड्राफ्ट वर्षातून एकदाच होतो, पण ट्रेडची चर्चा ग्रुपवर सहा महिने चालू असते. ट्रेड म्हणजे नेमकं काय, ऑफर चांगली की वाईट हे कसं ओळखायचं, ॲपमध्ये काय दाबायचं आणि मित्रांमध्ये भांडण होऊ नये म्हणून आधी काय ठरवायचं, ते आज पाहू.

ड्राफ्ट लीग म्हणजे काय?

एनबीएमध्ये ३० टीम आहेत. सीझन ऑक्टोबरच्या उत्तरार्धात सुरू होतो आणि एप्रिलच्या मध्यापर्यंत प्रत्येक टीम ८२ मॅच खेळते. सीझनच्या आधी लीगमधले सगळे मॅनेजर, म्हणजे तुम्ही आणि तुमचे मित्र, एका ठरलेल्या वेळी ऑनलाइन येतात आणि खेळाडू वाटून घेतात. याच्या दोन पद्धती आहेत.

- स्नेक ड्राफ्ट: पहिल्या फेरीत १ ते १० असा नंबर लागतो, दुसऱ्या फेरीत उलटा, १० ते १. म्हणजे शेवटच्या माणसाला लागोपाठ दोन खेळाडू मिळतात.
- ऑक्शन ड्राफ्ट: प्रत्येकाला सारखेच काल्पनिक पैसे मिळतात, बहुतेक वेळा २०० डॉलर. मग बोली लागते. मालवणच्या बंदरावर मासळीचा लिलाव बघितला असेल, तर हे वेगळं समजावून सांगायला नको.

दहा जणांच्या लीगमध्ये प्रत्येकी १३ खेळाडू धरले, तर १३० खेळाडू वाटले जातात. उरलेले सगळे ‘फ्री एजंट’. त्यांना घ्यायला कोणाची परवानगी लागत नाही, फक्त आपला एक खेळाडू सोडावा लागतो. दर आठवड्याला तुमची टीम लीगमधल्या एका टीमशी भिडते.

एक गोष्ट नवीन लोक हमखास विचारतात: खऱ्या एनबीएत खेळाडू दुसऱ्या टीममध्ये गेला तर आपल्या टीमचं काय? काहीच बदलत नाही. २ फेब्रुवारी २०२५ च्या रविवारी सकाळी आपल्याकडे बातमी आली, की लुका डॉन्चिच डॅलसमधून लेकर्सला गेला आणि अँथनी डेव्हिस लेकर्समधून डॅलसला. पण फँटसीत ज्याच्याकडे लुका होता, त्याच्याकडेच राहिला. खेळाडूची खरी टीम आणि तुमची फँटसी टीम यांचा तसा संबंध नाही. संबंध आहे तो त्याला मैदानावर मिळणाऱ्या वेळेशी आणि रोलशी.

आधी बघा: पॉइंट्स लीग की कॅटेगरी लीग?

ट्रेडचा हिशोब यावर ठरतो.

पॉइंट्स लीगमध्ये बास्केट, रिबाउंड, असिस्ट अशा प्रत्येक गोष्टीला ठरलेले गुण असतात आणि शेवटी एकच बेरीज होते. इथे ट्रेड सोपा: कोण जास्त गुण देतो ते बघायचं.

कॅटेगरी लीगमध्ये साधारण नऊ गोष्टी वेगवेगळ्या मोजतात: पॉइंट्स, रिबाउंड, असिस्ट, स्टील, ब्लॉक, थ्री-पॉइंटर, फील्ड गोलची टक्केवारी, फ्री थ्रोची टक्केवारी आणि टर्नओव्हर. टर्नओव्हर म्हणजे बॉल हातातून घालवणं, ते जितके कमी तितकं चांगलं. आठवड्याला नऊपैकी पाच कॅटेगरी जिंकल्या की काम झालं. त्यामुळे इथे ‘मोठा खेळाडू’ हा शब्दच फसवा आहे. तो मोठा कशात आहे, हे बघावं लागतं.

जानिस अँटेटोकुंम्पोचं उदाहरण घ्या. २०२४-२५ मध्ये त्याची सरासरी होती ३०.४ पॉइंट्स आणि ११.९ रिबाउंड. जबरदस्त! पण त्याच सीझनमध्ये त्याचे फ्री थ्रो ६१.७ टक्केच गेले आणि तो मॅचला दहाच्या वर फ्री थ्रो घेत होता. आता हिशोब करा. तुमच्या बाकीच्या टीमने आठवड्यात ८० पैकी ६४ फ्री थ्रो टाकले, म्हणजे ८० टक्के. त्यात जानिसचे तीन मॅचचे ३० पैकी १८ मिळवले, तर झाले ११० पैकी ८२, म्हणजे साधारण ७४.५ टक्के. एका माणसाने अख्ख्या टीमची कॅटेगरी खाली आणली.

मग जानिस वाईट का? अजिबात नाही. ज्याची टीम फ्री थ्रोमध्ये आधीच मागे आहे, त्याला काहीच फरक पडत नाही. तो ही कॅटेगरी मुद्दाम सोडून देतो आणि बाकीच्या जिंकतो. याला ‘पंट’ करणं म्हणतात. म्हणजे एकच खेळाडू तुमच्याकडे अडचण आणि समोरच्याकडे सोनं. चांगला ट्रेड नेमका इथे सापडतो.

दोघांचा फायदा होतो का? वरळीत खेळलेल्या दोन टीमचं उदाहरण

बऱ्याच जणांना वाटतं, ट्रेड म्हणजे समोरच्याला टोपी घालणं. खऱ्या एनबीएतलं एक उदाहरण बघा, आणि त्याला आपल्या मुंबईचा धागा आहे.

४ आणि ५ ऑक्टोबर २०१९ ला वरळीच्या एनएससीआय डोममध्ये सॅक्रामेंटो किंग्ज आणि इंडियाना पेसर्स यांच्यात दोन प्री-सीझन मॅच झाल्या. एनबीएच्या टीम भारतात खेळण्याची ती पहिलीच वेळ. किंग्जचे मुख्य मालक विवेक रणदिवे मूळचे मुंबईचेच.

पुढे फेब्रुवारी २०२२ मध्ये याच दोन टीमनी आपसांत मोठा ट्रेड केला. किंग्जने टायरीस हॅलिबर्टन, बडी हील्ड आणि ट्रिस्टन थॉम्पसन दिले. पेसर्सने डोमंटास साबोनिस, जस्टिन हॉलिडे, जेरेमी लॅम्ब आणि २०२३ च्या ड्राफ्टमधली दुसऱ्या फेरीची एक निवड दिली. मुख्य अदलाबदल हॅलिबर्टन आणि साबोनिसची. किंग्जकडे डीॲरन फॉक्स हा पॉइंट गार्ड होता, म्हणजे एकाच जागेला दोन जण. त्यांना उंच खेळाडू हवा होता. पेसर्सकडे साबोनिस आणि माइल्स टर्नर असे दोन उंच खेळाडू होते आणि त्यांना टीम चालवणारा गार्ड हवा होता.

पुढच्याच सीझनमध्ये साबोनिस रिबाउंडमध्ये लीगमध्ये पहिला आला आणि किंग्ज १६ सीझनच्या खंडानंतर प्लेऑफमध्ये पोचले. हॅलिबर्टन २०२३-२४ मध्ये असिस्टच्या सरासरीत पहिला आला आणि पेसर्स २०२५ ची फायनल खेळले. दोघांनी आपल्याकडचं जास्तीचं दिलं आणि कमी असलेलं घेतलं.

फँटसीतही तसंच. ऑफर पाठवण्याआधी समोरच्याची टीम उघडा. तो कोणत्या कॅटेगरीत दर आठवड्याला हरतोय? तुमच्याकडे त्याचं जास्तीचं काय आहे? तुमच्याकडे असिस्टवाले तीन आणि त्याच्याकडे ब्लॉकवाले तीन असतील, तर अर्धं काम झालं.

एकाच्या बदल्यात दोन: फायदा कोणाचा?

ही ऑफर सगळ्यात जास्त येते. “तुझा एक दे, माझे दोन घे.” ऐकायला बरं वाटतं. पण एक सुरमई देऊन दोन वाटे बांगडे घेताना आपण विचार करतोच ना, की घरी खाणारे किती?

इथे ‘घरी खाणारे’ म्हणजे टीममधल्या जागा. तुमची टीम १३ ची आणि भरलेली असेल, तर दोन खेळाडू आल्यावर एकाला सोडावं लागेल. म्हणजे तुम्ही प्रत्यक्षात दोन देताय आणि दोन घेताय. समोरच्याची मात्र एक जागा रिकामी होते आणि तिथे तो चांगला फ्री एजंट आणतो. म्हणून साधारण नियम असा: ट्रेडमधला सगळ्यात चांगला खेळाडू ज्याच्याकडे जातो, त्याचं पारडं जड. पण तुमचे दोन खेळाडू दुखापतीने बाहेर असतील आणि आठवडा कसाबसा काढायचा असेल, तर दोन घेणंही बरोबर ठरतं.

दुखापत आणि वेळ

ट्रेड झाल्यावर खेळाडू जखमी झाला तर ट्रेड परत फिरत नाही. २०२४-२५ मध्ये व्हिक्टर वेम्बन्यामा मॅचला सरासरी ३.८ ब्लॉक करत होता, लीगमध्ये सगळ्यात जास्त. २० फेब्रुवारी २०२५ ला कळलं, की खांद्यातल्या रक्ताच्या गुठळीमुळे तो उरलेला सीझन खेळणार नाही. हे आधी कोणालाच ओळखता आलं नसतं. पण जे आधी कळतं, ते तरी बघून घ्यावं: नावासमोर ‘आउट’ किंवा ‘डे-टू-डे’ लिहिलंय का, आणि मागच्या दोन आठवड्यांत तो किती मिनिटं खेळला.

भारतातून खेळताना आणखी एक अडचण असते. अमेरिकेतल्या संध्याकाळच्या मॅच आपल्याकडे पहाटे साडेचार-पाचपासून सुरू होतात आणि काही सकाळी नऊला. मॅच सुरू झाली की तो खेळाडू त्या दिवसापुरता लॉक होतो. म्हणून ट्रेड आणि टीम दोन्ही रात्री झोपण्याआधी नीट करून ठेवा.

ॲपमध्ये ट्रेड कसा करायचा?

ईएसपीएन, याहू आणि स्लीपर या तिन्हींवर अशी लीग फुकट बनवता येते. बटणांची जागा थोडी वेगळी असते, पण पायऱ्या साधारण याच:

१. लीग उघडा आणि ज्याच्याशी ट्रेड करायचाय त्याच्या टीमवर जा.
२. ‘प्रपोज ट्रेड’ किंवा ‘ट्रेड’ असं लिहिलेलं बटण दाबा.
३. त्याचा हवा असलेला खेळाडू आणि तुमचा द्यायचा खेळाडू निवडा.
४. जास्त खेळाडू येणार असतील, तर कोणाला सोडायचं तेही निवडा. हे नाव दोनदा वाचा.
५. ऑफर पाठवा. समोरचा ती स्वीकारू शकतो, नाकारू शकतो किंवा बदलून परत पाठवू शकतो.
६. स्वीकारल्यावर लीगच्या सेटिंगप्रमाणे तपासणीचा वेळ जातो. त्यानंतरच खेळाडू बदलतात.

ऑफर थेट पाठवण्याआधी व्हॉट्सॲपवर एक मेसेज टाका. “तुला ब्लॉक कमी पडतायत, माझ्याकडे एक सेंटर जास्त आहे, बघूया का?” एवढ्यावरही अर्धे ट्रेड जमतात.

व्हेटो: मैत्री इथेच तुटते

ट्रेड योग्य की अयोग्य हे कोण ठरवणार? सेटिंगमध्ये तीन पर्याय असतात: कोणीच नाही, लीग चालवणारा कमिशनर, किंवा सगळ्यांचं मत.

आमच्याकडे एकदा शेवटच्या नंबरवरच्या टीमने सीझन संपत आल्यावर आपला सगळ्यात चांगला खेळाडू चुलत भावाला दिला आणि बदल्यात बेंचवरचा एक घेतला. ग्रुपवर लगेच मेसेज: “ह्यो ट्रेड नाय रे, आहेर आसा!” हसून झालं, पण पुढे दोन दिवस कोणी कोणाशी धड बोलत नव्हतं. शेवटी मतदान होऊन ट्रेड रद्द झाला. पुढच्या सीझनला आम्ही ड्राफ्टच्या आधीच चार नियम लिहून ग्रुपवर पिन केले:

- व्हेटो फक्त संगनमत असेल तरच. ‘मला हा ट्रेड आवडला नाही’ हे कारण चालणार नाही. दुसऱ्याला वाईट सौदा करायचा हक्क आहे.
- कमिशनरच्या स्वतःच्या ट्रेडवर निर्णय दुसरा माणूस देईल.
- तपासणीला ४८ तास. डिसेंबरच्या पर्यटनाच्या सीझनमध्ये आमच्यातला एक दिवसभर बोटीवर असतो, त्यालाही मत देता आलं पाहिजे.
- फेब्रुवारीनंतर ट्रेड बंद. म्हणजे हरलेली टीम शेवटी कोणाला खेळाडू वाटू शकत नाही.

पैसे लावायचे का?

नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा नवा कायदा केला. पैसे भरून पैसे जिंकायचे ऑनलाइन गेम देण्यावर त्यात बंदी आहे, मग तो खेळ कौशल्याचा असो की नशिबाचा. त्यानंतर ड्रीम११ नेही पैशांच्या स्पर्धा थांबवल्या. मित्रांची फुकट लीग ही वेगळी गोष्ट आहे, ती वेगळीच राहू द्या. पैसे आले की प्रत्येक ट्रेडवर संशय येतो, आणि मग वरच्या चार नियमांचाही उपयोग होत नाही. आमच्याकडे जिंकणाऱ्याला बाकीचे मिळून जेवण देतात, तेही सगळे गणपतीला गावात जमल्यावर. कोणी ‘एन्ट्री फी भरा’, ‘एपीके टाका’ किंवा ‘ओटीपी सांगा’ म्हणालं, तर तिथून बाहेर पडा. मित्राच्या लीगमध्ये यायला फक्त लिंक लागते.

‘ॲक्सेप्ट’ दाबण्याआधी पाच प्रश्न

- माझ्या कोणत्या कॅटेगरी सुधारतील आणि कोणत्या बिघडतील?
- मला कोणाला सोडावं लागेल?
- येणारा खेळाडू आत्ता खेळतोय का, आणि किती मिनिटं?
- त्याच्या टीमच्या या आठवड्यात किती मॅच आहेत? कधी दोन असतात, कधी चार.
- समोरच्याचा यात काय फायदा आहे?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर सापडत नसेल, तर थांबा. एक तर तुम्हाला काहीतरी दिसत नाहीये, किंवा तुम्ही त्याला फसवताय. लीग दहा जणांचीच असते आणि त्याच माणसाशी पुढच्या महिन्यात पुन्हा ट्रेड करायचा असतो.