विद्यापीठाला जाब कसा विचारायचा? पालक आणि विद्यार्थ्यांसाठी पायरीपायरीने माहिती

आमच्या वाघोलीत नगर रोडच्या आजूबाजूला इतकी कॉलेजं झाली आहेत, की बाहेरगावची पोरं इथं खोली घेऊन शिकतात. २०२१ मध्ये गाव पुणे महापालिकेत आलं. कॉलेज दाराशी आलं खरं, पण ऑफिसच्या खिडकीशी उभं राहून आपलं काम कसं करून घ्यायचं, हे अजून आपल्या घराघरांत माहीत नाही.

आमची एक जुनी विद्यार्थिनी. बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला सगळे पेपर दिले, पण निकालात एका विषयापुढे ‘गैरहजर’ लागलं. अब्बू रिक्षा चालवतात. चार वेळा धंदा बुडवून कॉलेजात गेले. “विद्यापीठात विचारा.” गणेशखिंडीत गेले. “कॉलेजचं पत्र आणा.” दोन महिन्यांनी ते आमच्याकडे आले. आम्ही विचारलं, अर्ज कोणत्या तारखेला दिला? म्हणाले, “सर, अर्ज कुठं दिला? तोंडी सांगितलं ना सगळ्यांना.” मग अर्धं पान अर्ज लिहिला, हॉल तिकीट जोडलं, शिक्का घेतला. निकाल दुरुस्त झाला, पण तोवर एम.कॉम.च्या प्रवेशाची मुदत संपली होती. पोरीचं वर्ष गेलं.

हे दुसऱ्या कोणाच्या घरी होऊ नये, म्हणून ही माहिती. कापून किंवा सेव्ह करून ठेवा.

कायदा काय सांगतो?

पुणे विद्यापीठाची स्थापना १९४९ ची. २०१४ मध्ये त्याला सावित्रीबाई फुले यांचं नाव मिळालं. पुणे, अहिल्यानगर आणि नाशिक हे जिल्हे त्याच्या कक्षेत येतात. राज्यातल्या अशा विद्यापीठांना ‘महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६’ लागू आहे. तो १ मार्च २०१७ पासून अमलात आला.

या कायद्यानुसार परीक्षा संपल्यापासून ३० दिवसांत, आणि उशिरात उशिरा ४५ दिवसांत निकाल लागला पाहिजे. नाही लागला तर विद्यापीठाने कारणांसह अहवाल कुलपतींना, म्हणजे राज्यपालांना, आणि सरकारला द्यायचा असतो. २०१७ मध्ये मुंबई विद्यापीठात संगणकावर पेपर तपासणी सुरू झाली आणि निकाल रखडले. राज्यपालांनी ३१ जुलैची मुदत दिली, तीही पाळली गेली नाही. शेवटी ऑक्टोबरमध्ये कुलगुरू संजय देशमुख यांना पदावरून दूर करण्यात आलं. म्हणजे जाब वरपर्यंत विचारला जाऊ शकतो.

पहिली पायरी : लेखी अर्ज

अर्ज प्राचार्यांच्या नावे करावा. एका अर्जात एकच विषय घ्यावा. नाव, वर्ग, परीक्षा क्रमांक, काय चुकलं, काय हवं, एवढं पुरे. दोन प्रती न्याव्यात. एक ऑफिसात द्यावी, दुसरीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्यावा. शिक्का द्यायला टाळाटाळ केली तर तोच अर्ज पोस्टाने रजिस्टर करून पाठवावा आणि पावती जपावी. पुढच्या सगळ्या पायऱ्या या तारखेवर उभ्या आहेत.

दुसरी पायरी : तक्रार निवारण समिती आणि लोकपाल

विद्यापीठ अनुदान आयोगाने एप्रिल २०२३ मध्ये विद्यार्थी तक्रार निवारणाचे नियम काढले. त्यानुसार संस्थेत विद्यार्थी तक्रार निवारण समिती असलीच पाहिजे. समितीत किमान एक महिला आणि किमान एक व्यक्ती अनुसूचित जाती, जमाती किंवा ओबीसी वर्गातली असावी लागते.

ठरल्यापेक्षा जास्त फी मागणे, मूळ कागदपत्रं अडवून ठेवणे, परीक्षा किंवा निकालाला उशीर, अल्पसंख्याक, मागासवर्गीय, महिला किंवा दिव्यांग विद्यार्थ्यांशी भेदभाव, हे सगळं तक्रारीत बसतं. समितीने १५ कामाच्या दिवसांत अहवाल द्यायचा. निर्णय पटला नाही तर १५ दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालाकडे अपील करता येतं. लोकपाल म्हणजे निवृत्त कुलगुरू, निवृत्त प्राध्यापक किंवा माजी जिल्हा न्यायाधीश. त्यांनी ३० दिवसांत निकाल देण्याचा प्रयत्न करायचा असतो.

एक लक्षात ठेवा, नुसते “मार्क कमी पडले” म्हणून लोकपाल ऐकत नाहीत. निकालावर परिणाम करणारी ठोस गडबड दाखवावी लागते.

मार्कांबद्दल शंका असेल तर

आधी विद्यापीठाने दिलेल्या मुदतीत उत्तरपत्रिकेची छायांकित प्रत मागावी, मग गरज पडल्यास पुनर्मूल्यांकन. दुसरा रस्ता माहिती अधिकाराचा. स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका बघण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये मान्य केला आहे. अर्जाची फी १० रुपये, दारिद्र्यरेषेखालच्यांना माफ. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील करावं. पण उत्तरपत्रिका विद्यापीठ ठराविक काळच ठेवतं, म्हणून उशीर करू नये.

फीची सवलत कागदावर अडते

२०२४-२५ पासून राज्यात व्यावसायिक अभ्यासक्रमांना केंद्रीय प्रक्रियेतून प्रवेश घेणाऱ्या मुलींना शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्कात १०० टक्के सवलत आहे. कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत हवं, आणि मुलगी ओबीसी, एसईबीसी किंवा आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकातली हवी. मॅनेजमेंट कोट्याला ही सवलत नाही.

आपल्यातल्या बागवान, तांबोळी, अत्तार, मोमीन, पिंजारी अशा अनेक बिरादऱ्या राज्याच्या ओबीसी यादीत आहेत. पण जातीचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर आणि पडताळणी वेळेत नसल्यामुळे घरं पूर्ण फी भरत बसतात. हे काम अकरावीतच सुरू करा. दाखल्यांना मुदत बांधून देणारा सेवा हक्क कायदा २०१५ पासून आहे, म्हणून तिथंही पावती घ्या. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठीच्या राज्याच्या शिष्यवृत्तीचे अर्ज महाडीबीटी पोर्टलवर भरतात.

आपलं मतही लागतं

विद्यापीठाचं बजेट आणि कारभार यांवर जिथं प्रश्न विचारले जातात, ती अधिसभा. तिच्यात नोंदणीकृत पदवीधरांनी निवडून दिलेले १० सदस्य असतात. त्यांतल्या पाच जागा राखीव, एक ओबीसींसाठी, एक महिलेसाठी. मत द्यायचं तर आधी पदवीधर म्हणून नाव नोंदवावं लागतं. आमच्या ओळखीच्या घरांत दोन-दोन, तीन-तीन पदवीधर आहेत, पण नोंदणी एकाचीही नाही. मग आपल्या पोरांचा प्रश्न तिथं मांडणार कोण?

सावित्रीबाईंनी १८५६ मध्ये जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात फातिमाचं नाव येतं. त्या सावित्रीबाईंच्या नावाच्या विद्यापीठात आपण परके नाही. तेव्हा खिडकीशी हात जोडून उभं राहू नका, आणि भांडूही नका. अर्ज द्या, शिक्का घ्या, तारीख कॅलेंडरवर लिहा, आणि पंधरा दिवसांनी पुन्हा जा. त्या पोरीने यंदा एम.कॉम.ला प्रवेश घेतला. मोहल्ल्यातल्या बाकी मुलामुलींचे अर्ज आता तीच लिहून देते.