मेंदूंतील तार आणि तिचा सांधा

नाशिक जिल्ह्यांतील नांदगांव हें मनमाड आणि चाळीसगांव यांच्या दरम्यानचें, मुंबई-भुसावळ लोहमार्गावरील जुनें स्थानक. लोहमार्गाच्या कांठीं वाढलेल्या गांवाला एक गोष्ट मुद्दाम शिकवावी लागत नाहीं. ती ही कीं, रुळाचा सर्वांत दुबळा भाग म्हणजे त्याचा सांधा. म्हणूनच हातांत हातोडा घेऊन पायीं चालणारा गँगमन सांध्यापाशीं थांबे. मनुष्याच्या देहांत विजेची तार बसवितांना वैद्यकशास्त्रास हाच धडा पुन्हां, आणि तोहि रोग्यांच्या कष्टांची किंमत देऊन, शिकावा लागला.

कंपवात हा रोग आपल्या लोकांस नवा नाहीं. हात थरथरणें, अंग ताठ होणें, पाऊल अडखळणें हीं त्याचीं लक्षणें. लंडन येथील जेम्स पार्किन्सन या वैद्यानें १८१७ सालीं त्यावर निबंध लिहिला, आणि पुढें त्याचेंच नांव रोगास मिळालें. मेंदूंतील डोपामिन नांवाचें द्रव्य निर्माण करणाऱ्या पेशी झिजल्यामुळें हा रोग जडतो. त्यावरील मुख्य औषध लेव्होडोपा. खाजकुइलीच्या बियांतून हें द्रव्य मद्रास येथील दामोदरन व रामस्वामी यांनीं १९३७ सालीं वेगळें केलें होतें. परंतु कंपवातावर तें मोठ्या मात्रेनें देऊन खरा गुण आला तो १९६७ च्या सुमारास, अमेरिकेंत. तथापि कांहीं वर्षांनीं औषधाचा अंमल अनियमित होतो. कधीं अंग जखडून जातें, तर कधीं तें नको असतांना वळवळतें.

अशा रोग्यांच्या मेंदूंतील एक लहानसा भाग जाळून कंप थांबविण्याची शस्त्रक्रिया पूर्वीं होत असे. जाळलेला भाग मात्र पुन्हां येत नाहीं. भाग जाळण्यापूर्वीं जागा बरोबर आहे कीं नाहीं हें पाहण्यासाठीं शस्त्रवैद्य तेथें विजेचा सौम्य प्रवाह सोडीत. फ्रान्समधील ग्रेनोबल येथें आलीं-लुई बेनाबिद यांस असें आढळलें कीं, सेकंदास शंभराच्या आसपास स्पंदनें दिलीं म्हणजे कंप तत्काळ थांबतो. मग जाळावें कशाला? तारच आंत राहूं द्यावी, असा विचार करून त्यांनीं १९८७ सालीं ही नवी पद्धति सुरू केली. अमेरिकेच्या सरकारनें तिला १९९७ सालीं कंपासाठीं व २००२ सालीं पार्किन्सनच्या रोगासाठीं मान्यता दिली.

या यंत्राचा वडील भाऊ म्हणजे हृदयास स्पंदन देणारा पेसमेकर. स्टॉकहोम येथें ८ ऑक्टोबर १९५८ रोजीं आके सेनिंग या शस्त्रवैद्यानें रूने एल्मक्विस्ट यानें बनविलेलें तसलें पहिलें यंत्र आर्ने लार्सन या रोग्याच्या शरीरांत बसविलें. तें कांहीं तासांतच बंद पडलें! परंतु कोणीहि धीर सोडला नाहीं. लार्सन यांस आयुष्यांत वीसांहून अधिक यंत्रें बदलावीं लागलीं. आणि सेनिंग व एल्मक्विस्ट या दोघांच्याहि मागें राहून ते २००१ सालीं, वयाच्या ८६ व्या वर्षीं निवर्तले. यंत्र बंद पडणें म्हणजे उपाय हरणें नव्हे, हें यावरून दिसून येतें.

मेंदूच्या यंत्राचे तीन भाग असतात. चार धातुबिंदू असलेली, जेमतेम सव्वा मिलिमीटर जाडीची तार मेंदूंत उतरते. दुसरी तार कानामागून मानेच्या त्वचेखालून खालीं येते. आणि गळ्याच्या हाडाखालीं बॅटरीची डबी असते. मनुष्य दिवसांतून असंख्य वेळां मान वळवितो. आरंभीं दोन तारांचा सांधा कित्येकदां मानेंतच ठेवीत, आणि तेथेंच तार तुटे. हें ध्यानांत आल्यावर सांधा वर, कानामागें कवटीच्या हाडावर नेण्यांत आला, व तुटण्याचें प्रमाण घटलें. कांहीं रोगी त्वचेखालील डबी नकळत बोटांनीं फिरवीत राहतात. तिच्याबरोबर तार पिळवटून तुटते किंवा जागा सोडते. कोठें त्वचा विरून तार उघडी पडते व जंतु शिरतात. २००१ सालीं आणखी एक धोका उघडकीस आला : वेदनेवर शेक देणाऱ्या डायथर्मी यंत्राची ऊर्जा तारेंतून मेंदूंत उतरून भयंकर इजा होऊं शकते. तेव्हांपासून अशा रोग्यांस तो शेक सर्वस्वी वर्ज्य ठरला. आणि बॅटरी तर संपावयाचीच! साधी तीन ते पांच वर्षें पुरते. पुनः भारितां येणारी पुष्कळ अधिक टिकते.

मुंबईच्या जसलोक रुग्णालयांत डॉ. परेश दोशी यांनीं गत शतकाच्या अखेरीस ही शस्त्रक्रिया सुरू केली. तेव्हांपासून महाराष्ट्रांतील रोग्यांस परदेशाची वाट धरावी लागत नाहीं. परंतु यंत्र बसवून घरीं परतलेला मनुष्य नांदगांवासारख्या ठिकाणीं राहत असेल, तर यंत्र तपासणारा जाणकार कित्येक कोस दूर असतो, आणि घरचीं माणसें हाच त्याचा गँगमन ठरतो. खरा धोका येथेंच आहे. रोग हळूहळू, महिन्यामहिन्यांनीं वाढतो. यंत्राचा बिघाड मात्र बहुधा एकाएकीं प्रकट होतो. काल स्वतःच्या हातानें चहा पिणारा वडील माणूस आज पेला धरूं शकत नाहीं, हें पाहून घरांत म्हणतात, "वय झालें, आतां असेंच चालायचें." आणि दुरुस्त होण्याजोगी गोष्ट दैवाच्या खात्यावर पडते! शिवाय यंत्र अचानक बंद पडून उपचार लांबला, तर रोग्याचें अंग ताठून प्राणावर बेतूं शकतें.

यासाठीं एकाएकीं आलेल्या कंपाचा पहिला संशय यंत्रावर घ्यावा. रोग्याजवळील नियंत्रकावर तें चालू आहे कीं नाहीं, बॅटरी किती उरली आहे, हें पाहावें. तज्ज्ञ बाहेरूनच तारेचा विद्युत्-रोध मोजतो : तो अतिशय वाढला असल्यास तार तुटली, अगदीं घटला असल्यास आवरण फाटून दोन तारा एकमेकींस भिडल्या, असें अनुमान निघतें, क्ष-किरणांच्या चित्रानें तुटीची जागाहि कित्येकदां दिसते. यंत्राचें ओळखपत्र रोग्याच्या खिशांत असावें, आणि कोणताहि नवा उपचार घेण्यापूर्वीं तें दाखवावें. सांधा निखळला तर गाडी थांबवून तो जोडतात. मार्ग संपला असें कोणी म्हणत नाहीं.