डॉ. रखमाबाई : सुरत आणि राजकोट

डॉ. रखमाबाईंचे नाव निघाले की आपल्याकडे चर्चा थांबते ती 1884 साली दादाजी भिकाजी यांनी लावलेल्या खटल्यापाशी. अकराव्या वर्षी झालेला विवाह, नांदावयास जाण्यास दिलेला नकार, नवऱ्याकडे न गेल्यास सहा महिने तुरुंगवास असा 1887 चा निकाल आणि पुढल्या वर्षी दोन हजार रुपयांवर झालेली तडजोड, हा सारा वृत्तान्त अभ्यासकांनी बारकाईने तपासला आहे. प्रकरण मिटले तेव्हा त्या अवघ्या तेवीस वर्षांच्या होत्या. त्यांचे खरे जीवितकार्य त्यानंतरचे, आणि ते मुंबईत नव्हे, गुजरातेत झाले. येथे पिढ्यान्‌पिढ्या वसलेल्या आपणां मराठी भाषिकांनाही त्याचा विसर पडावा, याची खंत वाटते.

मुंबईच्या कामा रुग्णालयातील डॉ. एडिथ पीची यांच्या प्रोत्साहनाने त्या 1889 मध्ये इंग्लंडला गेल्या. लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय विद्यालयात शिकून 1894 मध्ये त्या डॉक्टर झाल्या आणि परतल्यावर सुरतेच्या स्त्री-रुग्णालयाची सूत्रे त्यांनी हाती घेतली. रुग्णालय होते, परंतु बाळंतपणासाठी तेथे पाऊल टाकण्यास बायका धजत नव्हत्या. घरातली अंधारी खोली आणि सुईण, हाच रिवाज. ही भीती व्याख्यानांनी जाणारी नव्हती. चरित्रकार एक हकीकत सांगतात. रखमाबाईंनी एक गाभण शेळी रुग्णालयात आणवून तिची सुटका केली. ती सुखरूप व्यायलेली पाहून बायकांना धीर आला. हकीकतीला सांगोवांगी थोडे पाणी चढले असेलही. पण अडाणीपणाबद्दल कोणास बोल न लावता, डोळ्यांना दिसेल असे उत्तर देण्याची त्यांची रीत तीत नेमकी उतरली आहे.

1918 मध्ये स्त्री-वैद्यकीय सेवेतील पद त्यांना देऊ करण्यात आले. ते नाकारून त्या राजकोटच्या जनाना रुग्णालयात गेल्या. अधिकारापेक्षा रुग्णांचा सहवास त्यांना अधिक मोलाचा वाटला असावा, असे माझे मत. सुरत व राजकोट मिळून ही सेवा सुमारे पस्तीस वर्षांची.

निवृत्तीच्या सुमारास, 1929 मध्ये, त्यांनी पडदापद्धती नाहीशी करण्याची गरज प्रतिपादणारी पुस्तिका लिहिली. तरुण विधवांना समाजासाठी काही करण्याची संधीच नाकारली जाते, हा तिच्यातील एक मुद्दा. वैद्यक सोडून त्या समाजसुधारणेकडे वळल्या, असा याचा अर्थ लावणे चूक ठरेल. जनाना रुग्णालयात येणाऱ्या आणि न येऊ शकणाऱ्या बायकांचा अनुभव त्यांच्या गाठीशी होताच. 25 सप्टेंबर 1955 रोजी, वयाच्या एक्याण्णवाव्या वर्षी, त्या निवर्तल्या.